पाहुण्याची लस आणि यजमानाचा ताप

ऑक्टोबर उजाडला की ताडोबाच्या गाभा क्षेत्राचे दरवाजे पर्यटकांसाठी उघडतात. मोहर्लीच्या आणि कोलाऱ्याच्या वाटेवर पहाटेपासून जिप्सी गाड्यांच्या रांगा लागतात आणि त्या गाड्यांतून देशी पाहुण्यांबरोबर सातासमुद्रापलीकडून आलेले वाघाचे चाहतेही जंगलात शिरतात. या परदेशी पाहुण्यांच्या सामानात दुर्बीण आणि कॅमेरा यांच्याइतकीच महत्त्वाची मानली जाणारी आणखी एक वस्तू असते. ती म्हणजे निघण्यापूर्वी घेतलेल्या लसींची नोंद. भारतात, त्यातही भारताच्या ग्रामीण आणि अरण्यमय भागात जायचे म्हटले की त्यांच्या देशांतील आरोग्ययंत्रणा त्यांना चार-सहा आठवडे आधीच वैद्याकडे जाण्यास सांगते. विषमज्वराची लस, ‘अ’ प्रकारच्या काविळीची लस, धनुर्वाताची वर्धक मात्रा. मुक्काम लांबणार असेल किंवा जनावरांशी संबंध येणार असेल तर रेबीजची आणि जपानी मेंदूज्वराची लस. शिवाय कित्येकांना हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या. एवढे कवच अंगावर चढवून हा पाहुणा चंद्रपूर जिल्ह्यात पाऊल टाकतो.

यात उपहास करण्यासारखे काहीही नाही. आपल्या नागरिकाला अनोळखी मुलखातील रोगाची आधीच कल्पना द्यावी, त्याला लस उपलब्ध करून द्यावी, हे कोणत्याही जबाबदार शासनाचे कर्तव्यच आहे. प्रश्न निराळाच आहे. त्याच जिप्सीचा चालक, तिच्यात पुढे बसलेला मार्गदर्शक, दरवाज्यावर परवाने तपासणारा वनरक्षक आणि पाहुण्याच्या निवासात भांडी घासणारी बाई ही सारी माणसे त्याच परिसरातली आहेत. डास तोच चावतो, पाणी तेच पोटात जाते, गावातला कुत्रा तोच असतो. तीन दिवसांसाठी येणाऱ्याचा धोका त्याच्या सरकारने मोजला. जन्मभर तेथे राहणाऱ्याचा धोका कोणी आणि कोणत्या मापाने मोजला? आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पावसाळा लागला की गाभा क्षेत्राचे दरवाजे बंद होतात आणि पाहुणे परततात. हिवतापाचे खरे दिवस तेव्हा सुरू होतात. ज्या ऋतूसाठी संरक्षण सर्वाधिक हवे, त्या ऋतूत तेथे केवळ यजमानच उरतो.

प्रवाशाच्या लसीकरणाचा इतिहास पाहिला म्हणजे ही विसंगती आकस्मिक नाही हे कळून येते. १८५१ साली पॅरिसमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, ती पूर्वेकडून युरोपात शिरणाऱ्या पटकीच्या भयाने. गंगेच्या खोऱ्यातील माणसे पटकीने का मरतात, यापेक्षा ती पटकी जहाजांतून मार्सेलिसपर्यंत कशी पोहोचते, ही त्या परिषदेतील सरकारांची चिंता होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला; पुढच्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला, बंदरावर आणि रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली आणि व्हेनिस येथे प्लेगसाठी स्वतंत्र परिषद भरली. त्याच वर्षी जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. विज्ञानाचा तो उज्ज्वल क्षण होता. परंतु साम्राज्याचे लक्ष मांडवीच्या अंधाऱ्या चाळींपेक्षा बंदरातून सुटणाऱ्या जहाजांवर अधिक होते. व्यापाराला अडथळा न होता रोग मात्र अडवला जावा, हे त्या व्यवस्थेचे सूत्र होते. ज्या माणसाला रोग झाला तो तिच्या लेखी रुग्ण कमी आणि धोका अधिक होता.

याच इतिहासात एक दुसरा, अधिक आशादायक अध्याय आहे. परदेशी जाणाऱ्याला एके काळी देवीची लस टोचल्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र जवळ बाळगावेच लागे. ते नसेल तर विमानतळावर अडून राहण्याची पाळी येई. आज ते प्रमाणपत्र कोणी मागत नाही. प्रवाशांना अधिक काटेकोरपणे लस टोचली म्हणून हे घडले नाही. उत्तर प्रदेश आणि बिहारच्या खेड्यांतून हजारो आरोग्यसेवक घरोघर फिरले, पुरळ अंगावर आलेले प्रत्येक मूल त्यांनी शोधून काढले, त्याच्याभोवतीच्या साऱ्या वस्तीला लस दिली आणि मे १९७५ मध्ये देशातील देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. प्रवाशाच्या खिशातले प्रमाणपत्र अनावश्यक ठरले ते खेड्यातल्या शेवटच्या झोपडीपर्यंत लस पोहोचल्यामुळे. पाहुण्याची लस आणि यजमानाचे आरोग्य यांचे नाते यापेक्षा स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

लसीच्या बाबतीत भारतीय शासन असमर्थ आहे, असेही कोणी म्हणू नये. पीतज्वराचे उदाहरण घ्यावे. हा रोग भारतात नाही, पण तो पसरवणारा डास येथे मुबलक आहे. म्हणून आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील पीतज्वरग्रस्त देशांतून येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडे लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते नसल्यास त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवण्याची तरतूद आहे. तिकडे जाणाऱ्या भारतीयाला मान्यताप्राप्त केंद्रातच ही लस घ्यावी लागते. देशाच्या सीमेवर हा पहारा इतका चोख आहे की तो रोग अजून आत शिरलेला नाही. हज यात्रेचेही तसेच. यात्रेकरूला मेंदूच्या आवरणाच्या दाहावरील लस आवश्यक असते आणि ती देण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शिबिरे भरतात. यात्रेकरूने मुंबईच्या खेपा घालाव्यात असे शासन म्हणत नाही. लस त्याच्या जिल्ह्यापर्यंत येते. हे योग्यच आहे आणि ते करता येते याचा तो पुरावाही आहे. माणूस देशाची सीमा ओलांडणार म्हटले की यंत्रणा जागी होते. जो माणूस केवळ जंगलाची, नदीची किंवा राज्याची सीमा ओलांडतो, त्याच्या वाट्याला ही जागरूकता का येत नाही, एवढाच प्रश्न आहे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. तेव्हापासून आजतागायत महाराष्ट्रातील हिवतापाचा इतिहास म्हणजे मोठ्या प्रमाणात या जिल्ह्याचा, त्यातही भामरागड, एटापल्ली, धानोरा, अहेरी, कोरची या तालुक्यांचा इतिहास आहे. येथे आढळणाऱ्या हिवतापात मेंदूपर्यंत पोहोचून प्राण घेणारा फाल्सिपेरम प्रकार मोठ्या प्रमाणावर असतो. जंगलातले ओढे, भिंतींना फटी असलेली घरे, पीक राखण्यासाठी शेतातल्या माचाणावर काढलेल्या रात्री, मोहफूल आणि तेंदूपत्ता गोळा करण्यासाठी पहाटेच्या अंधारात धरलेली वाट, या साऱ्यांतून डासाला माणूस सापडतो. परदेशी पाहुणा तीन आठवडे प्रतिबंधक गोळ्या घेऊन निभावून नेतो. जंगलातल्या माणसाने जन्मभर गोळ्या घ्याव्यात, हा काही उपाय होऊ शकत नाही. त्याला हवी वेळेवर तपासणी, त्याच दिवशी औषध, औषधभारित मच्छरदाणी आणि ताप मेंदूत जाण्यापूर्वी दवाखान्यापर्यंत नेणारा रस्ता. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संपर्क तुटल्याचे प्रसंग अनेक पावसाळ्यांनी पाहिले आहेत. तापाने फणफणलेले मूल आणि दुथडी वाहणारी नदी यांच्यामध्ये उभ्या असलेल्या आईला ‘प्रवासपूर्व सल्ला’ कोणी द्यायचा?

हा मुलूख निराश होण्यासारखा आहे असे मात्र नाही. १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी रस्ते-वीज नसताना तेथे उपचार केले. १९८६ पासून येथे काम करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकवली. बालमृत्यू घटल्याचे त्यांचे संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि ती पद्धत पुढे देशभरच्या आशा कार्यकर्तींच्या कामात उतरली. गडचिरोलीच्या खेड्यातील बाईने जे सिद्ध केले ते देशाने स्वीकारले. ज्या जिल्ह्याने इतरांना आरोग्याचा मार्ग दाखवला, त्याच जिल्ह्यात हिवतापाने मुले दगावत राहावीत, हे बुद्धीच्या नव्हे तर इच्छाशक्तीच्या दारिद्र्याचे लक्षण होय.

जंगलातला माणूस प्रवास करीत नाही, असाही एक गैरसमज आहे. मिरची तोडणीच्या हंगामात चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील मजूर कुटुंबे मुलाबाळांसह प्राणहिता आणि गोदावरी ओलांडून तेलंगणात जातात. महिना-दोन महिने शेताच्या बांधावर, प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली त्यांचा मुक्काम असतो. भाषा वेगळी, राज्य वेगळे, दवाखाना अनोळखी. या मजुराच्या दृष्टीने हा परदेशप्रवासच आहे; फक्त त्याच्याजवळ पारपत्र नसते. जाताना त्याची हिवतापाची तपासणी होत नाही, सोबत मच्छरदाणी असेलच असे नाही, मध्येच येणारी मुलाची लस चुकते आणि परतताना तो कोणता ताप घेऊन आला हे त्याला घरी येऊन थंडी वाजेपर्यंत कळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत यांच्यापैकी हजारो मजूर तेलंगणात अडकले आणि कित्येक जण पायी गावाकडे निघाले. तेव्हा मात्र शासनाला त्यांच्या शरीराची आठवण झाली. ती कशासाठी? त्यांना अडवून विलगीकरणात ठेवण्यासाठी. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या बंदरावर जी दृष्टी होती, तिच्यात फारसा पालट झालेला नाही. श्रमिक निघताना अदृश्य असतो आणि परतताना तो धोका ठरतो.

पारपत्र आणि लस यांचे नाते २०२१ साली अगदी उघडे पडले. त्या वर्षी मे महिन्यात कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. ७ जून रोजी केंद्र शासनाने शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा टोकियोच्या ऑलिम्पिकसाठी परदेशी जाणाऱ्यांना अठ्ठावीस दिवसांनंतरच दुसरी मात्रा घेण्याची मुभा दिली आणि त्यांच्या प्रमाणपत्रावर पारपत्राचा क्रमांक नोंदवण्याची सोय केली. परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याची अडचण खरी होती आणि ती दूर झाली हे बरेच झाले. त्याच उन्हाळ्यात अठरा ते चव्वेचाळीस वयोगटातील माणसाला लस हवी असेल तर प्रारंभी संगणकावर किंवा मोबाइलवर आधी नाव नोंदवणे सक्तीचे होते. ज्या गावात मोबाइलचा संदेश मिळवण्यासाठी टेकडीवर चढावे लागते, तेथील तरुणाने काय करावे? शहरांतले तरुण मोटारी घेऊन ग्रामीण केंद्रांवर लस घेऊन परतले, गावकरी ओट्यावर बसून पाहत राहिले, अशी दृश्ये महाराष्ट्रात अनेक ठिकाणी दिसली. थेट केंद्रावर नाव नोंदवण्याची सोय मे महिन्याच्या अखेरीस झाली, तोवर पहिली फळी निघून गेली होती. एका नागरिकासाठी नियम आठवड्यांनी वाकवला जातो आणि दुसऱ्यासाठी साधी वहीदेखील उघडली जात नाही, तेव्हा त्या दोघांचे नागरिकत्व एकाच प्रतीचे आहे असे म्हणता येत नाही.

आता हिवतापाच्या लसीचा प्रश्न पुढे आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये पहिल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसऱ्या हिवताप-लसीची शिफारस केली. ही दुसरी लस, आर-एकवीस, ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली असून तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होते. २०२४ पासून ती आफ्रिकेतील बालकांना मिळू लागली. आफ्रिकेतील हिवतापाचा कहर पाहता तेथे ती आधी जावी, यात कोणत्याही समाजवाद्याला दुःख होण्याचे कारण नाही. आयव्हरी कोस्टचे मूल आणि एटापल्लीचे मूल यांत भेद करणे हे समाजवादाच्या मुळावरच येईल. परंतु पुण्यात बनणारी ही लस गडचिरोलीच्या दक्षिणेकडील गावांना उपयुक्त ठरेल की नाही, याची चर्चा तरी महाराष्ट्रात व्हायला हवी. ही लस मुख्यतः फाल्सिपेरमविरुद्ध काम करते, तिच्या चार मात्रा लागतात, ती संपूर्ण संरक्षण देत नाही आणि मध्यम ते तीव्र प्रादुर्भावाच्या भागांना तिच्यात अग्रक्रम आहे. मच्छरदाणी आणि तत्काळ उपचार यांना ती पर्याय नव्हे. हे सारे मान्य करूनही गावनिहाय प्रादुर्भाव तपासून तज्ज्ञांनी ‘होय’ किंवा ‘नाही’ असे कारणांसह जाहीर सांगावे, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. मौन हा शास्त्रीय निर्णय नसतो.

त्याचबरोबर एका इशाऱ्याचीही गरज आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात, म्हणजे गडचिरोलीचे मजूर ज्या मुलखात मिरची तोडायला जातात त्याच मुलखात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस हजारो शाळकरी मुलींना टोचण्यात आली. त्यांत आदिवासी वसतिगृहांतील मुली मोठ्या संख्येने होत्या आणि अनेकींच्या बाबतीत पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या. २०१० मध्ये हा प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. त्या काळात झालेले काही मृत्यू लसीमुळेच झाले असे सिद्ध झाले नाही. लसही वाईट नव्हती. वाईट होती ती आदिवासी मुलीला विचारण्याची गरज नाही ही वृत्ती. लंडनचा पर्यटक लस घेण्यापूर्वी वैद्याला दहा प्रश्न विचारतो आणि वैद्य त्याला उत्तरे देतो. माडिया आईलाही तिच्या भाषेत ती उत्तरे मिळाली पाहिजेत. गावसभेत समजावून सांगितलेली, नाकारण्याचे स्वातंत्र्य देऊन दिलेली लसच लोकांची लस होते. अन्यथा ती आणखी एक सरकारी सक्ती होऊन राहते आणि पुढच्या प्रत्येक लसीच्या वाटेत काटे पेरते.

पैसा नाही, ही सबब या दोन जिल्ह्यांच्या बाबतीत ऐकून घेण्याजोगी नाही. चंद्रपूरच्या कोळशाने देशाचे वीजप्रकल्प चालतात, येथील बांबूने बल्लारपूरच्या कागद गिरणीला कच्चा माल पुरवला, सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक अहोरात्र धावतात आणि ताडोबाच्या वाघाने पर्यटनाचा मोठा व्यवसाय उभा केला. खाणींच्या उत्पन्नातून बाधित लोकांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद २०१५ पासून कायद्यात आहे आणि त्या निधीच्या खर्चात आरोग्याला अग्रक्रम आहे. खनिज बाहेर जाण्यासाठी रस्ता होतो. त्याच रस्त्याने लस आणि वैद्य आत का येऊ नयेत? खाणीबरोबर बाहेरगावचे हजारो कामगारही या हिवतापाच्या मुलखात येत आहेत. त्यांचेही आरोग्य ठेकेदाराच्या मर्जीवर सोडून चालणार नाही.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. मिरची तोडणीला निघणाऱ्या कुटुंबांची गावातच हिवतापाची तपासणी व्हावी, त्यांच्यासोबत औषधभारित मच्छरदाण्या द्याव्यात, मुलांच्या राहिलेल्या लसी निघण्यापूर्वी पूर्ण कराव्यात आणि परतल्यावर पुन्हा तपासणी करावी. यासाठी महाराष्ट्र, तेलंगण आणि छत्तीसगढ या तीन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी हंगामापूर्वी एकत्र बसावे. विषमज्वराची लस २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने आपल्या मुलांना सार्वजनिक मोहिमेतून दिली. जे नवी मुंबईला जमले ते अशुद्ध पाणी पिणाऱ्या वनग्रामांच्या बाबतीत अशक्य मानू नये. वनरक्षक, मार्गदर्शक, चालक आणि बफर क्षेत्रातील गुराखी यांना, पाहुण्यांना मिळते तसे रेबीजपूर्व लसीकरण देण्याचा विचार व्हावा. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांत तपासणीचे संच आणि पूर्ण उपचाराची औषधे जूनपूर्वी पोहोचवावीत. आणि हे काम ज्यांच्या खांद्यावर आहे, त्या आशा कार्यकर्तीला मानधनाच्या तुकड्यांवर राबवून घेण्याऐवजी कर्मचाऱ्याचा दर्जा व वेतन द्यावे. कारण देवीचा रोग ज्यांनी हाकलला ते घरोघर फिरणारे पायच होते.

सार्वजनिक आरोग्याच्या प्रगतीचे मोजमाप अनेक प्रकारे करता येते. चंद्रपूर आणि गडचिरोलीपुरते एक साधे मापही पुरेसे आहे. ज्या दिवशी परदेशातला वैद्य आपल्या रुग्णाला सांगेल की तिकडे जाताना विशेष काही टोचून घेण्याची गरज नाही, त्या दिवशी मोहर्लीच्या आणि भामरागडच्या मुलाला त्याचा हक्क मिळालेला असेल. तोवर जिप्सीत मागे बसलेला पाहुणा सुरक्षित राहील आणि पुढे बसलेला त्याचा वाटाड्या पावसाची वाट पाहत, तापाला भीत राहील. एकाच गाडीतले हे अंतर मिटवणे ही शासनाने कोणावर करावयाची कृपा नव्हे. ते त्याच्यावरील जुने ऋण आहे.